ट्रिप रद्द झाली तरी पैसे आणि मैत्री वाचवा

परीक्षेचं शेवटचं पेपर व्हायच्या आधीच व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार होतो. कुणी हॉटेलच्या लिंक टाकतं, कुणी रील्स, कुणी नुसतेच विमानाचे इमोजी. वर्षभर वाचवलेला पॉकेटमनी, इंटर्नशिपचे पहिले पैसे, आजीने वाढदिवसाला दिलेलं पाकीट आणि उरलेले बाबांच्या कार्डावरून, अशी सगळ्यांची कॉन्ट्री जमते. पहिल्यांदाच मित्रमैत्रिणींसोबत परदेशात जायचं असतं. आणि मग एका सकाळी विमान कंपनीचा मेसेज येतो, 'तुमचं विमान रद्द झालं आहे.'

पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपवर जो गोंधळ होतो, त्यातच खूपसे पैसे बुडतात. एक जण म्हणतो, सगळंच कॅन्सल करून टाकू. दुसरी म्हणते, पुढच्या महिन्यात जाऊ. तिसऱ्याने कुणालाही न विचारता ॲपमधलं 'व्हाउचर घ्या' हे बटण दाबलेलंही असतं. ज्याच्या कार्डावरून तिकिटं काढली, तो मात्र गप्प. महिनाभराने त्याच ग्रुपवर 'माझे पैसे कधी देतोस?' हा मेसेज येतो आणि शाळेपासूनची मैत्री ताणली जाते.

विमान उडणं तुमच्या हातात नाही. पैसे परत मिळवणं आणि मैत्री टिकवणं मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. त्यासाठी काही नियम माहीत हवेत आणि काही गोष्टी पैसे भरण्याआधीच ठरवायला हव्यात.

हे आपल्या बाबतीतही होऊ शकतं

विमानं रद्द होणं ही आता क्वचित घडणारी गोष्ट राहिलेली नाही. मागच्या काही वर्षांकडेच बघा.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं. त्याचा फटका अल्माटी आणि ताश्कंदला बसला. कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवस व्हिसा लागत नाही, त्यामुळे अल्माटी कॉलेजच्या मुलामुलींची आवडती जागा बनली होती. लांबच्या वळशाने जाणं इंडिगोच्या छोट्या विमानांना शक्य नव्हतं, म्हणून कंपनीने दिल्लीहून तिकडे जाणारी उड्डाणं रद्द केली. मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद ठेवले गेले. त्यात राजस्थानातले जोधपूर, जैसलमेर, बिकानेर आणि किशनगडही होते.

जूनमध्ये कतारने आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं आणि दोहामार्गे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचे बेत कोलमडले. सप्टेंबरमध्ये नेपाळमध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं, काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि महाराष्ट्रातल्या पर्यटकांसह अनेक भारतीय तिथे अडकले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर इंडिगोची देशभरातली सेवाच विस्कटली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि त्यासाठी कंपनीची तयारी पुरी पडली नाही. ५ डिसेंबर २०२५ या एकाच दिवशी हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली.

जयपूरच्या सांगानेर विमानतळावरही त्या दिवसांत प्रवाशांचे हाल झाले. जयपूरहून दुबई, अबू धाबी, बँकॉक अशा मोजक्याच ठिकाणी थेट जाता येतं. बाकी सगळीकडे जायचं तर आधी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांचंही तेच. म्हणजे आपल्यासारख्या शहरांतून निघणाऱ्यांच्या परदेशवारीत दोन दुवे असतात आणि पुष्कळदा त्यातला पहिला, छोटा दुवाच तुटतो.

पहिला नियम : स्वतः रद्द करू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर तुम्हाला पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क आहे. तेच तिकीट तुम्ही घाबरून स्वतः रद्द केलं तर कॅन्सलेशन चार्ज कापून जे उरेल ते मिळतं. स्वस्तातल्या तिकिटांवर फारसं काहीच उरत नाही.

म्हणून बातम्या बघून, 'आता काही विमान जात नाही' असं कुणी म्हटलं म्हणून लगेच बटण दाबू नका. कंपनीकडून अधिकृत मेसेज किंवा ईमेल येण्याची वाट बघा. कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून उड्डाणाची स्थिती तपासा. अशा संकटाच्या दिवसांत कंपन्या बरेचदा ठरावीक तारखांच्या प्रवाशांना शुल्क न घेता तारीख बदलण्याची किंवा रद्द करण्याची सूट जाहीर करतात. ही सूट जाहीर व्हायच्या आदल्या रात्री ज्यांनी तिकीट रद्द केलं, त्यांचं नुकसान होतं.

वाट पाहताना ॲपमधल्या सूचना नीट वाचा. 'रिफंड', 'तारीख बदला' आणि 'व्हाउचर' हे तीन वेगळे पर्याय आहेत. व्हाउचर किंवा क्रेडिट शेल म्हणजे तुमचे पैसे कंपनीकडेच राहतात आणि पुढच्या तिकिटासाठी वापरता येतात. ते घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. पुढच्या सहा महिन्यांत तुमचा प्रवास नक्की नसेल, तर रिफंडच मागा.

आणि समजा काही कारणाने तुम्हालाच तिकीट रद्द करावं लागलं, तरी सगळं गेलं असं समजू नका. 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात. पुष्कळ जण ते मागतच नाहीत.

भारतातले नियम काय सांगतात?

डीजीसीएने उड्डाण रद्द होणं, उशीर होणं आणि जागा नाकारणं यासाठी नियम केले आहेत. त्यांचा सोप्या भाषेत अर्थ असा.

कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवायला हवं आणि पर्यायी विमान किंवा रिफंड, यातलं तुम्हाला मान्य असेल ते द्यायला हवं. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण निदान २४ तास आधी कळवलं, तरीही हेच दोन पर्याय मिळतात.

त्याहून उशिरा कळवलं तर तुम्हाला मान्य होईल असं पर्यायी विमान, नाहीतर पूर्ण रिफंड आणि वर भरपाई द्यावी लागते. भरपाईची रक्कम उड्डाणाच्या कालावधीवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि दोन तासांहून मोठ्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. तुम्ही विमानतळावर पोहोचलेला असाल, तर पर्यायी विमानाची वाट बघेपर्यंत खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची.

यात दोन अटी आहेत. युद्ध, दंगल, नैसर्गिक आपत्ती, सरकारी आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही. रिफंडचा हक्क मात्र तेव्हाही राहतो. आकाशच बंद झालं म्हणून विमान गेलं नाही, तर तुमचे तिकिटाचे पैसे परत मिळतील, वरचे दहा हजार मिळणार नाहीत.

दुसरी अट साधी आहे, पण मित्रांच्या ग्रुपमध्ये हमखास नडते. बुकिंग करताना तुमचा फोन नंबर किंवा ईमेल दिलेला नसेल, तर 'आम्हाला कळवलंच नाही' म्हणून भरपाई मागता येत नाही. सहा जणांची तिकिटं एकाच्या नंबरवर काढली आणि त्याचा फोन रात्री बंद होता, तर बाकीच्या पाच जणांना विमानतळावर गेल्यावर कळतं. प्रत्येकाचा नंबर टाका. ॲप तशी सोय देत नसेल तर बुकिंगनंतर कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन टाका.

तिकीट एजंटकडून किंवा ट्रॅव्हल ॲपवरून काढलं असेल, तर कंपनी म्हणते 'एजंटला विचारा' आणि एजंट म्हणतो 'कंपनीकडून आले नाहीत'. अशा वेळी ठामपणे सांगा, की एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी आहे आणि रिफंडची जबाबदारी नियमाने विमान कंपनीचीच आहे. दोघांनाही लेखी कळवा.

युरोपातून परतताना विमान रद्द झालं तर तिथला कायदा जास्त कडक आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. कारण हाताबाहेरचं असेल तर ही रक्कम मिळत नाही, पण राहण्या-जेवणाची सोय करावीच लागते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरून युरोपातली जवळपास एक लाख उड्डाणं रद्द झाली होती. त्यावरच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की ज्वालामुखी झाला म्हणून प्रवाशांना वाऱ्यावर सोडता येणार नाही.

एक तिकीट की दोन?

आता जयपूरकरांच्या आणि नागपूरकरांच्या खास दुखण्याकडे वळू. समजा तुम्ही जयपूर ते मुंबई एका कंपनीचं तिकीट काढलंत आणि मुंबई ते बाली दुसऱ्या कंपनीचं, वेगळं. दोन्ही मिळून दोन हजार रुपये वाचले. जयपूरचं विमान रद्द झालं. पहिली कंपनी तुम्हाला जयपूर ते मुंबईचे पैसे परत देईल. बालीचं विमान मात्र वेळेवर उडेल, तुमच्या रिकाम्या खुर्च्यांसह. त्या कंपनीच्या नोंदीत तुम्ही 'नो शो', म्हणजे आलाच नाहीत. महागडं तिकीट तेच होतं.

एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरमध्ये दोन्ही प्रवास असतील तर चित्र बदलतं. पहिलं विमान रद्द झाल्याने पुढचं चुकलं, तर तुम्हाला पुढे पोहोचवणं किंवा पैसे परत देणं ही कंपनीची जबाबदारी होते. म्हणून परदेशी जाताना घरापासून मुक्कामापर्यंत एकच तिकीट काढणं फायद्याचं ठरतं, मग ते थोडं महाग का असेना.

तरीही वेगवेगळं काढायचंच असेल, तर मधे भरपूर वेळ ठेवा. तीन-चार तास पुरत नाहीत. शक्य असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. डिसेंबर-जानेवारीत तर हे नक्कीच करा. दिल्लीत दाट धुकं पडलं की तिकडची विमानं जयपूरला वळवली जातात, हे जयपूरकरांनी दर हिवाळ्यात पाहिलेलं आहे. त्या दिवशी जयपूरहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाचं काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

दिल्ली जयपूरपासून पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. २०२३ पासून धावणारी वंदे भारत दिल्ली कँटला थांबते आणि तिथून विमानतळ जवळ पडतो. सिंधी कॅम्पहून दिवसरात्र बस सुटतात. दिल्लीहून पुढचं विमान असेल, तर विमानापेक्षा आदल्या दिवशीची रेल्वे हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. मुंबईसाठी पुणे-नाशिककरांना हे सांगायची गरज नाही, ते रस्त्यानेच निघतात.

पैसे कुणाच्या कार्डावर परत येणार?

रिफंड नेहमी ज्या कार्डातून किंवा खात्यातून पैसे गेले, त्यातच परत येतो. सहा जणांचे पैसे एकाच्या बाबांच्या क्रेडिट कार्डावर परत येतात. बाबा म्हणतात, अजून आले नाहीत. मित्रांना वाटतं, आले असतील पण देत नाही. कुणीही खोटं बोलत नसतं. तरीही संशय येतो आणि विचारायला संकोच वाटतो.

यावर उपाय आहे, पण तो बुकिंगच्या आधीच करायचा आहे. शक्य असेल तर प्रत्येकाने आपापलं तिकीट आपापल्या खात्यातून काढा. टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हे फक्त चहाच्या बिलापुरतं ठेवू नका. सगळ्यांनी एकाच वेळी फोनवर राहून पाच मिनिटांत बुकिंग केलं तर भाड्यात फारसा फरक पडत नाही. जागा शेजारी मिळाव्यात ही अडचण असेल, तर त्या नंतर निवडता येतात.

एकत्रच काढायची असतील तर हे चार प्रश्न ग्रुपवर लिहून ठरवा आणि सगळ्यांकडून 'हो' घ्या.

१. कंपनीने विमान रद्द केलं तर आपण रिफंड घेणार की तारीख बदलणार? एकमत नसेल तर काय?

२. रिफंड आल्यावर किती दिवसांत सगळ्यांना पाठवायचा? रिफंडचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा का?

३. ट्रिप व्हायच्या आधी एकाने माघार घेतली तर त्याच्या वाटच्या हॉटेलचा खर्च कुणी सोसायचा?

४. व्हिसा एकालाच नाकारला गेला तर बाकीचे जाणार का?

चौथा प्रश्न विचारायला कठीण वाटतो. पण त्याचं उत्तर विमानतळाच्या दारात शोधण्यापेक्षा चहाच्या टपरीवर शोधलेलं बरं.

एकाच पीएनआरवर सहा जण असतील आणि दोघांना रिफंड हवा, चौघांना तारीख बदलायची, तर आधी कंपनीला पीएनआर वेगळा करायला सांगा. त्याशिवाय बटण दाबलंत तर एकाचा निर्णय सगळ्यांना लागू होऊ शकतो. दहा किंवा जास्त जणांचं ग्रुप बुकिंग असेल तर त्याच्या अटी सहसा वेगळ्या असतात, त्या आधी वाचा.

ट्रिप हप्त्यांवर घेतली असेल, तर विमान रद्द झालं म्हणून हप्ता थांबत नाही. रिफंड खात्यात जमा होईपर्यंत ईएमआय भरत राहावा लागतो, नाहीतर दंड लागतो. पूर्ण पॅकेज घेतलं असेल तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर असतो. ज्याच्या पॅन क्रमांकावर तो कापला गेला, त्यालाच आयकर विवरणपत्र भरून तो मिळवता येतो. सगळ्यांचं पॅकेज एकाच्या पॅनवर घेतलं तर हाही हिशेब त्यात धरा.

हॉटेल, व्हिसा आणि विमा

विमानाच्या रिफंडमध्ये हॉटेलचे पैसे येत नाहीत. हॉटेल निवडताना 'फ्री कॅन्सलेशन' असलेलंच निवडा आणि शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. ही वेळ बहुतेकदा हॉटेलच्या देशातली असते. बालीत रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेनऊच वाजलेले असतात. म्हणजे आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेळ कमी असतो.

मुदत संपली असेल तरी थेट हॉटेलला विनम्र ईमेल करा. विमान रद्द झाल्याचं पत्र जोडा आणि पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागा. छोटी हॉटेलं आणि हॉस्टेल अशा वेळी बरेचदा ऐकतात.

व्हिसाची फी परत मिळत नाही. शेंगेन व्हिसाची प्रौढांसाठीची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि प्रवास झाला नाही तरी ती गेलीच. तारखा पुढे गेल्या तर व्हिसाची मुदतही तपासावी लागते. म्हणून पहिल्या ट्रिपसाठी व्हिसा न लागणारे देश निवडणं शहाणपणाचं. कमी पैसे अडकतात.

प्रवास विमा घेताना आपण फक्त हप्ता बघतो. त्याऐवजी 'ट्रिप कॅन्सलेशन' या शीर्षकाखाली कारणांची यादी वाचा. यादीत जे कारण आहे त्यालाच पैसे मिळतात. आजारपण, घरातला मृत्यू, काही योजनांत विमान रद्द होणं, अशी ती कारणं असतात. युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक योजनांत वगळलेलं असतं. बातम्यांत संकट सुरू झाल्यावर घेतलेला विमा त्या संकटाला सहसा लागू होत नाही. म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी विमा घ्या. दाव्यासाठी विमान कंपनीचं रद्द झाल्याचं लेखी पत्र लागतं, तेवढं मागून घ्यायला विसरू नका.

तिकडे गेल्यावर अडकलात तर?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे भारताने १७ तारखेपासून फिलिपिन्स आणि मलेशियाहून येणारी विमानं थांबवली. फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे अनेक भारतीय विद्यार्थी तेव्हा घरी परतायला निघाले होते आणि क्वालालंपूरच्या विमानतळावर अडकले. सरकारने मग त्यांच्यासाठी दिल्ली आणि विशाखापट्टणमच्या विमानांना परवानगी दिली. त्यांची ही सहल नव्हती, पण अशा वेळी काय करावं हे त्या प्रसंगातून शिकण्यासारखं आहे. ते एकत्र राहिले, भारतीय अधिकाऱ्यांशी संपर्क साधला आणि आपली अडचण सगळ्यांपर्यंत पोहोचवली.

तुम्ही अडकलात तर सगळ्यात आधी विमान कंपनीच्या काउंटरवर जा आणि त्याच वेळी दुसऱ्याने फोन लावावा, तिसऱ्याने ॲप उघडावं. काम वाटून घ्या. हॉटेल मिळणार का, हे विचारल्याशिवाय स्वतःच्या पैशाने बुक करू नका. करावं लागलंच तर प्रत्येक बिल जपून ठेवा.

व्हिसाची मुदत संपत आली असेल तर लगेच तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाला आणि भारतीय दूतावासाला कळवा. एक दिवस जास्त राहिलात तरी दंड होऊ शकतो, पण विमान रद्द झाल्याचं पत्र दाखवून आधीच कळवलंत तर गोष्टी सोप्या होतात. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टल अशाच तक्रारींसाठी आहे. निघण्याआधीच त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवा. कागद यासाठी, की फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

रोजची औषधं, एक कपड्यांचा जोड आणि चार्जर केबिन बॅगेत ठेवा. परतीच्या खर्चासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा आणि ते शॉपिंगसाठी कुणालाही देऊ नका, अगदी जिवलग मैत्रिणीलाही.

रिफंडच्या नावाने होणारी फसवणूक

विमानं रद्द झाली की दुसऱ्या दिवसापासून ठग कामाला लागतात. तुम्ही गुगलवर कंपनीचं नाव आणि 'रिफंड नंबर' शोधता. वर आलेला नंबर खोटा असतो. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो आणि एखादं ॲप डाउनलोड करायला सांगतो. ते ॲप तुमच्या फोनचा पडदा त्याला दाखवतं. रिफंडऐवजी खातंच रिकामं होतं.

नंबर नेहमी तिकिटावरून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमधूनच घ्या. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी कुणालाही सांगू नका. सोशल मीडियावर तक्रार लिहिताना पीएनआर आणि फोन नंबर जाहीरपणे टाकू नका, कारण ठग तिथेच टपून बसलेले असतात. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पैसे येत नसतील तर कुठे जाल?

पायऱ्या ठरलेल्या आहेत, त्या क्रमाने चढा. आधी कंपनीला ईमेल करा. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. ईमेलमध्ये पीएनआर, तारीख, रद्द झाल्याचा मेसेज आणि तुम्हाला नेमकं काय हवं ते चार ओळींत लिहा. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. तिथेही काही झालं नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअर सेवा' पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ट्रॅव्हल ॲपविरुद्धच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल वाद नोंदवता येतो.

शेवटची पायरी म्हणजे ग्राहक आयोग. नाव ऐकून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

पाठपुरावा केल्याने फरक पडतो. करोनाकाळातल्या तिकिटांसाठी प्रवासी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयाने रिफंडबद्दल आदेश दिला. डिसेंबर २०२५ च्या गोंधळात सरकारने इंडिगोला ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत रिफंड पूर्ण करायला सांगितलं होतं.

कंपनीच बुडाली तर मात्र वाट अवघड होते. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उड्डाणं थांबवली. प्रवासी तेव्हा बँकांच्या आणि इतर देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. म्हणून कंपनीच्या आर्थिक अडचणींच्या बातम्या येत असतील, तर फार महिने आधीचं स्वस्त तिकीट घेताना दोनदा विचार करा. घेतलंच तर क्रेडिट कार्डाने घ्या, म्हणजे बँकेकडे दाद मागता येते.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलांची पहिली परदेश ट्रिप रद्द झाली की घरातून एक वाक्य हमखास येतं, 'आम्ही आधीच सांगत होतो.' ते थोडे दिवस मनातच ठेवा. मुलांचे पैसे तर अडकलेलेच असतात, त्यांनी वर्षभर बघितलेलं स्वप्नही मोडलेलं असतं. त्याऐवजी त्यांना तक्रारीचा ईमेल स्वतः लिहू द्या, फोन स्वतः लावू द्या. तुमचं कार्ड वापरलं असेल तर रिफंड आल्याचं त्याच दिवशी सांगा आणि इतर मुलांचे पैसे लगेच पाठवा. तुमच्या मुलाची पत त्याच्या मित्रांमध्ये यावरच ठरणार आहे.

आणि ज्यांची ट्रिप हुकली त्या सगळ्यांसाठी एक सूचना. रजा मंजूर आहे, बॅगा भरलेल्या आहेत आणि मित्र एकत्र जमलेले आहेत. जयपूरहून बसने पुष्कर किंवा बुंदी गाठता येतं. नाशिक-पुण्याहून कोकण काही लांब नाही. रिफंडचा ईमेल पाठवून झाला की निघा. फक्त निघण्याआधी, या वेळी कॉन्ट्री कुणाकडे जमा करायची ते ठरवून घ्या.